कंट्रोलचं रक्त

त्या प्रयोगशाळेत थोरलीचं रक्त सगळ्यांच्या कामाला येत होतं आणि आता त्याचं कुणालाच, अगदी तिलाही, काही वाटेनासं झालं होतं. कामच तसं होतं हो! माणसाच्या अंगातला डीएनए, म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली लांबच लांब ओळ, तुकड्यातुकड्याने वाचून काढायची. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती वाटून घेतली होती आणि इथला वाटा काही संपता संपत नव्हता. नवा तुकडा हातात आला की आधी तो धड आहे का, हे एखाद्या साध्यासुध्या माणसाच्या डीएनएशी ताडून बघायचं. त्याला म्हणायचं कंट्रोल. सुरुवातीला विकत आणलेलं कंट्रोल खराब निघालं, सर तर डोक्यावर बसलेले. तेव्हा थोरलीने मुकाट्याने बाही वर करून स्वतःचं रक्त दिलं. नियमात ते बसत नव्हतं, पण नियम बघायला सवड होती कुणाला? पुढे तिचं नावच पडलं. "कंट्रोल, चहा घेणार का गं?"

सोमवारी सरांनी पुढचा तुकडा कुठला ते सांगितलं आणि थोरलीने त्याचा नंबर दोनदा विचारून घेतला. तिच्या वडिलांना ज्या आजाराने खाल्लं, त्याची जागा नेमकी त्याच तुकड्यात होती.

वडिलांचे हातपाय आधी आपोआप हलायला लागले, मग जीभ अडखळली, मग त्यांना घरची माणसंही ओळखू येईनात. त्यांना भरवणं, पुसणं, पडले की उचलणं, सगळं थोरलीने केलं. आई खचली होती आणि धाकटी बहीण शाळेत होती. हा आजार बापाकडून लेकरांत उतरतो, शक्यता निम्मी. आई त्याचा अर्थ असा धरून बसली होती की दोघींपैकी एकीला होणार आणि एक सुटणार. "अगं आई, प्रत्येकीचं नाणं वेगळं उडतं!" थोरली कानीकपाळी ओरडून थकली, पण घरात आईचाच हिशोब मुरला. स्वतःची तपासणी मात्र थोरलीने कधी केली नाही. कळून करायचं काय, औषध थोडंच आहे? आणि आता चालत्या कामात, चार लोकांदेखत, तिचंच रक्त त्या जागी ताडलं जाणार होतं.

"सर, कंट्रोल बदलूया का?" तिने विचारून पाहिलं.

"आता? अगं, आजवरचं सगळं काम त्यावर ताडलंय. असं काय झालं एकदम?"

काय झालं ते सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करायला हवी होती. नुसत्या विचारानेच तिला दमायला झालं. मेलं, होऊन जाऊ दे एकदाचं! "काही नाही, सहज," असं म्हणून तिने हातमोजे चढवले आणि काचा पुसायला घेतल्या.

त्या दोन काचांच्या फटीत जेली ओतायची, वीज लावून तिच्यातून डीएनए पळवायचा आणि फिल्मवर उमटलेल्या काळ्या रेघा वाचायच्या. या जागी माणसाच्या दोन रेघा येतात, एक आईकडची, एक बापाकडची. निरोगी रेघ खाली उतरते, आजाराची वर अडकते. गुरुवारी दुपारी शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसने ओली फिल्म उजेडात धरली. त्या बिचाऱ्याला तिच्या वडिलांचं काहीच माहीत नव्हतं.

"कंट्रोलबाई, दोन्ही रेघा खाली! ठणठणीत आहेस की! पार्टी दे आता."

थोरलीने फिल्म हातात घेतली, पुन्हापुन्हा पाहिली. ती सुटली होती. जीव भांड्यात पडला आणि तिथेच स्टुलावर बसून तिला रडू कोसळलं. चष्मिस बावचळून पाणी आणायला धावला.

घरी आई झोपली होती. धाकटी ओट्याशी भाजी चिरत होती. काही सांगायचं नाही, असं थोरलीने वाटेत पक्कं ठरवलं होतं, पण चपला काढता काढताच तोंडून निघून गेलं. "मला नाहीये गं. आज कळलं."

धाकटीने सुरी टाकून तिला मिठीच मारली. "बाई गं, सुटलीस! बरं झालं!" हसली, डोळे पुसले आणि मग हळूच म्हणाली, "म्हणजे मला."

"तसं नसतं गं! किती वेळा सांगितलं, नाणं..."

"वेगळं. माहितीये मला. डोक्याला कळतं, ताई, पोटाला नाही कळत." धाकटीने तिचा हात हातात घेतला. "पण झालंच, तर बाबांचं केलंस तसं माझं करशील ना?"

"करीन" म्हणायला कितीसा वेळ लागतो? थोरली म्हणालीही, अगदी मनापासून म्हणाली. पण त्याआधी तिच्या डोळ्यांसमोरून ती सगळी वर्षं गेली, ती चादर, तो वास, तो चमचा, आणि ती जराशी थांबली. तेवढं थांबणं धाकटीने पाहिलं.

"दमली असशील, बस," धाकटी म्हणाली आणि उरलेली भाजी चिरायला लागली.