रेणुकाचा दुखवटा

रेणुका गेली. पेडगावच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारच्या जेवणाआधीच ते पक्कं झालं. हात जोडलेली चित्रं आली, पणत्या आल्या, आणि एका चुलत दिरानं तर गडबडीत वाढदिवसाचा केक पाठवला आणि मग तो गुपचूप काढून टाकला. आता रेणुका गेलीच नाही असं धरून आपण पुढं जाऊ. खुद्द रेणुकाही तसंच धरून चालली होती. परभणीच्या बसस्टँडवर तिला पेडगावकडची गाडी मिळत नव्हती, एवढीच त्या वेळी तिची अडचण होती.

रेणुकाचं अंग दुखायचं. कुठं कुठं दुखतं असं कुणी विचारलं, तर कुठं दुखत नाही ते सांगणं तिला सोपं पडायचं. सकाळी उठताना वाटायचं, रात्रभर कुणीतरी आपल्याला धोपाटण्यानं बडवलंय, पिळलंय आणि वाळत घालायचं तेवढं विसरलंय. गावातल्या शाळेत ती लिपिक होती. टाइप करताना बोटं ठणकायची, आणि हेडमास्तर म्हणायचे, मॅडम, संगणक तर हलका आहे. रक्त तपासून झालं, एक्स-रे झाले, एमआरआय झाला. दर वेळी रिपोर्ट नॉर्मल आला की घरात सगळ्यांना हायसं वाटायचं आणि रेणुकाचं तोंड उतरायचं. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरनं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. त्या दिवशी ती येताना गाडीत आनंदानं रडली. दुखण्याला नाव मिळालं होतं. नाव असलेली वस्तू घरात दाखवता येते.

"फोटूत दिसत न्हाई, रक्तात दिसत न्हाई, ताप न्हाई, सूज न्हाई," सासू केशरबाई म्हणाल्या. "मग हाय तरी कुठं ते?"

"अंगात हाय, आत्याबाई."

"आमच्याबी अंगात हाय. आमी नाव न्हाई ठिवलं."

नवरा महारुद्र वाईट माणूस नव्हता. पटलं असंही तो म्हणत नसे आणि पटलं नाही असंही. त्याचा विश्वास फक्त यंत्रांवर होता. म्हणून परभणीत एका ठिकाणी काचेच्या नळीत झोपवून दाबाखाली ऑक्सिजन देतात, असं कानावर आलं तेव्हा त्यानंच चौकशी केली. "मशीन हाय म्हणल्यावर काहीतरी करतच असंल," तो म्हणाला. तिथल्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, काही जणांना बरं वाटतं, पुरावा अजून थोडा आहे, खात्री देत नाही. रेणुकाला हा डॉक्टर आवडला. तिच्याबाबतीत आपल्याला खात्री नाही असं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. बाकी सगळ्यांना खात्री होती, तिला काही झालेलं नाही याची.

घरात मात्र एक गोष्ट न बोलता ठरून गेली होती. नळीत झोपून गुण आला, तर दुखणं खरं होतं. नाही आला, तर सोंग. म्हणजे दुखायचं थांबल्यावरच दुखत होतं हे मान्य व्हायचं होतं. रेणुकाला बरं व्हायचं होतंच, पण त्याहून जास्त तिला हे मान्य करून घ्यायचं होतं. रजा टाकून गाडीनं जायचं, तर रिकाम्या हातानं कसं यायचं, असं तिला वाटायचं.

नळीचे नियम कडक होते. आत निव्वळ ऑक्सिजन, एखादी ठिणगी पडली तर सगळंच संपलं. म्हणून अंगावर सुती पांढरा झगा तेवढा. डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही. टिकली काढायची, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं बाहेर ठेवायचं. हे कळल्यावर केशरबाईंनी आधी देवापाशी दिवा लावला. रेणुका आडवी व्हायची, झाकण बसायचं, हवा भरायला लागायची. घाट चढताना बसतात तसे कान बसायचे, मग आवंढे गिळत पडून राहायचं. दुखणं तिच्या शेजारीच असायचं. ते काही बाहेर थांबत नव्हतं. पण आत तिला कुणी ऊठ म्हणू शकत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी ती डोळे मिटून घ्यायची.

"फरक?" महारुद्र संध्याकाळी विचारायचा.

"बघू," ती म्हणायची.

फरक नव्हता.

त्या दिवशी महारुद्र पहिल्यांदाच बरोबर गेला, कारण त्याला विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला टाकायचा होता. दारातल्या काचेतून त्यानं ती नळी पाहिली आणि त्याचं मन भरून आलं. असलं यंत्र आपल्या घरातल्या माणसासाठी चालतंय. त्यानं फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही, कारण लिहिणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग मोबाईल बंद ठेवा अशी पाटी दिसली म्हणून त्यानं फोन बंद केला. पाटी दिसली की पाळायची, हे मात्र होतं. फोन पुन्हा सुरू करा अशी पाटी कुठंच नसल्यानं तो बंदच राहिला. रेणुका आपला फोन घरीच ठेवून यायची. तो घरात चार्जिंगला लावलेला होता, आणि आलेले फोन दिवसभर केशरबाईंच्या उशापाशी वाजत होते.

आता भावकीचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. गावात वर्गणी काढून मयतासाठी काचेची थंड पेटी आणली होती. लांबचे नातेवाईक येईपर्यंत माणूस टिकावं म्हणून. तिची किल्ली, वायर आणि अभिमान, तिन्ही महारुद्रच्या चुलत्याकडं, दत्तरावांकडं असायचं. त्यामुळं काचेच्या पेटीतलं माणूस म्हणजे काय, हे गावाला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. फोटोत रेणुका पांढऱ्या कपड्यात, डोळे मिटून. गळा मोकळा, कपाळ मोकळं, केस सुटे. दत्तरावांनी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला.

"पेटी आपल्यापरीस भारी हाय," ते म्हणाले, आणि मग खाली बसले.

इकडं रेणुकाला एकदाची गाडी मिळाली. महारुद्र स्टार्टरपाशी थांबला होता. तोंडाला धुळीचा स्कार्फ बांधून ती खिडकीशी बसली, आणि शेजारी एक पिकलेला म्हातारा येऊन टेकला. त्यानं मांडीवर पिशवी ठेवली आणि न विचारता बोलायला लागला. पंडित नाव, चारठाण्याचा.

"पेडगावला जायलोय," तो म्हणाला. "मयतीला."

"कोण गेलं?"

"आमच्या मावसबहिणीची सून. लग्नात बघितली तेवढीच. नाव काय ते ध्यानात न्हाई आता. महारुद्रची बायको."

रेणुकानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सगळं होतं तसंच होतं. एक बाई शेळीला ओढत होती, शेळी येत नव्हती.

"कशानं गेली?" तिनं विचारलं.

"अंग दुखायचं तिचं."

"अंग दुखून माणूस मरत न्हाई, काका."

"असं आपण म्हणतो बाई. ज्याचं दुखतंय त्याला ठावं." पंडितनं नाक पुसलं. "लय सोसलं म्हणं पोरीनं. अंगाला हात लावू देत न्हवती, इतकं दुखायचं. केशरनंच सांगितलं मला फोनवर. रडत रडत."

"केशरबाईंनी सांगितलं?"

"तिनंच. दुसरं कोण सांगणार? घरात तीच व्हती ना बघायला."

इथं रेणुकानं स्कार्फ काढायला हवा होता. काका, ती मीच, एवढं म्हणायचं होतं. हात गाठीपर्यंत गेलाही. पण मग तिनं गाठ उलट घट्ट केली. जे शब्द तिला इतकी वर्षं मिळाले नव्हते ते या म्हाताऱ्याकडून उष्टे मिळाले होते. ते एकदा जिथून निघाले तिथंच जाऊन ऐकावेत, असं तिला वाटलं. फाट्यावर उतरल्यावर पंडितनं विचारलं, महारुद्रचं घर कुणीकडं?

"चला," ती म्हणाली. "मीबी तिकडंच जायलीय."

पंडित हळू चालत होता, तीही. दुखणाऱ्या माणसाला म्हातारं माणूस बरं पडतं. वाटेत त्यानं विचारलं, तुमी कोण त्यांच्या? ती म्हणाली, जवळचीच. तो म्हणाला, मग रडायला येत असंल. ती म्हणाली, हो, थोडं.

अंगणात माणसं बसली होती. भावकीत चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या पार्वतीबाई पिठलं आणि भाकरीची टोपली घेऊन फिरत होत्या आणि कुणी खात नव्हतं, म्हणजे थोडं थोडं खात होतं. एका कडेला दत्तरावांनी पेटी धुऊन ठेवली होती. ती परभणीची पेटी काही गावात येणार नाही, माणूस आलं की यात घालायचं, असा त्यांचा हिशेब होता. वायर लावून ते गार होतं का बघत होते.

पंडित आत जाऊन बायकांच्या समोर उभा राहिला आणि केशरबाईंनी हंबरडा फोडला. रेणुका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं थांबली.

"अंग अंग ठणकायचं गं माझ्या लेकीचं," केशरबाई डोलत डोलत म्हणत होत्या. "थंडीत बोटं आखडायची, आन् मी हौदावर भांडी दिली गं. भित्ताला धरून उठायची, मी म्हणलं नखरे करायलीय. राती उशीत तोंड घालून कण्हायची. भित्ताच्या पलीकडं मी जागी असायची गं बाई. मला ऐकू यायचं. सगळं ऐकू यायचं."

रेणुकानं ट्रॉलीचं गार लोखंड दोन्ही हातांनी धरलं. बोटं ठणकत होती. तिला वाटलं होतं की त्या बाईला कळत नाही. इतकी वर्षं हेच धरून तिनं सासूला माफ केलं होतं. कळतच नाही तर काय करणार बिचारी. आता भिंतीपलीकडं कुणीतरी जागं होतं, हे कळल्यावर तिला एकाच वेळी मायेनं भरून आलं आणि घरात पाऊल टाकू नये असंही वाटलं. रडणं संपूच नये असं वाटलं. आपण थोडं आणखी मेलेलं राहावं.

पण पार्वतीबाई ट्रॉलीमागच्या माठाकडं पाण्याला आल्या. त्यांनी तिला पाहिलं. टोपली खाली ठेवली, आधी तिचे पाय सुलटे आहेत का ते नीट बघितलं, आणि मग अंगणाकडं तोंड करून साध्या आवाजात म्हणाल्या, "केशरकाकू, सून आलीय."

पुढं बरंच झालं. केशरबाईंनी तिला छातीशी धरलं, इतकं घट्ट की रेणुकाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण तिनं मिठी सोडवली नाही. पंडितनं तीनदा विचारलं की मग गाडीत का सांगितलं नाही. दत्तराव फोटो दाखवून सगळ्यांना समजावत होते की चूक आपली नाही, पेटीची आहे. काही माणसं परत जाताना थोडी रागावलेली दिसली. लांबून आलेल्यांना काहीतरी घडलेलं लागतं.

"आता ही पेटी परत धुवावी लागंल," दत्तराव म्हणाले. कुणी विचारलं, वापरली कुठं? ते म्हणाले, काढली ना बाहेर.

संध्याकाळी महारुद्र स्टार्टर घेऊन आला. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं इतकी माणसं बघून विचारलं, कोण गेलं? मग त्यालाही सगळ्यांनी सांगितलं आणि तो स्टार्टर खाली ठेवून बायकोजवळ ओट्यावर बसला. म्हणाला, "फरक?"

"न्हाई," रेणुका म्हणाली. पहिल्यांदाच.

चूल पेटली. केशरबाई भाकरी थापत होत्या. रेणुका त्यांच्याजवळ जाऊन बसली, खाली बसताना गुडघ्यावर हात टेकून.

"आत्याबाई, तुमी रडताना म्हणलात ते मी ऐकलं."

थापणारा हात थांबला नाही.

"तुमाला ऐकू येत व्हतं," रेणुका म्हणाली. "रातचं."

"मेलेल्या माणसाला असंच म्हणायचं असतंय बाई," केशरबाई म्हणाल्या. "ते काय खरं असतंय व्हय? समदेच म्हणतेत. तुझ्या सासऱ्याला मी देवमाणूस म्हणलं व्हतं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "फाट्यावरून चालत आलीस ना? लय दुखत असतं तर चालत आली असतीस का? ऊठ, ताटं घे."

रेणुका उठली. ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी आदल्या दिवशीच्या रजेचा अर्ज मागितला. भावकीतून बातमी त्यांनाही आली होती आणि शाळेनं दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं होतं. ते आता कुठं लिहायचं, असं त्यांनी काळजीनं विचारलं. रेणुका संगणकासमोर बसली. रजेचा अर्ज झाला. मग तिनं दुसरं पान उघडलं आणि ठणकत्या बोटांनी सावकाश टाइप केलं:

प्रति,
समस्त भावकी, मौजे पेडगाव

विषय : दुखवट्यातील शब्द हयातीत लागू करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज सादर करते की, अर्जदार मयत झाल्याच्या समजुतीने अर्जदाराचे दुखणे काल दुपारी सर्वांसमक्ष खरे मानण्यात आले होते. तथापि अर्जदार जिवंत आढळून आल्याने सदर मान्यता त्याच दिवशी सायंकाळी रद्द करण्यात आली. अर्जदार पुन्हा मयत होईपर्यंत सदर मान्यता प्रलंबित राहिल्यास, ती मिळाल्याचे अर्जदारास समजण्याची कोणतीही सोय उपलब्ध नाही. तरी सदर मान्यता अर्जदाराच्या हयातीतच, गुण येण्याची अट न घालता, कायम करण्यात यावी, ही नम्र विनंती.