खालच्या पट्टीतला हिप्पू

दुपारी बाराच्या सुमारास शेडच्या छपरावरची अँटेना आपणहून मान वळवायची, आणि हेल्मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायची. ध्रुवाजवळच्या त्या गावातली डिसेंबरातली दुपार ती. महिनाभर सूर्य वर येत नाही, पण अंधारही म्हणवत नाही. बर्फ, गोठलेलं तळं, पलीकडची टेकडी सगळं निळं होतं, तास-दोन तास तसंच राहतं आणि विझतं. त्या निळाईत अँटेना दक्षिणेकडून निघे, सावकाश आभाळ ओलांडे, उत्तरेच्या टेकडीशी थांबे आणि परत आपल्या जागी येई. बारा-तेरा मिनिटांचा कारभार. ताउनो जाऊन दोन वर्षं झाली तरी हा नेम चुकला नव्हता. अंथरुणाची दुसरी बाजू रिकामी दिसली की हेल्मी बारा वाजायची वाट बघायला लागे. नवऱ्याने मागे ठेवलेलं आणि अजून हलणारं असं घरात एवढंच होतं.

ताउनो वेधशाळेत नोकरीला होता, पण त्याचा जीव होता कुओवीत. कुओवी म्हणजे दलदलीत वसंत ऋतूत येणारा लांब चोचीचा पक्षी. तो परतला त्याच दिवशी ताउनोचा प्रोग्रॅम पहिल्यांदा धड चालला, म्हणून हे नाव. उपग्रह कुठे आहे ते ही कुओवी सांगते, अँटेना तिकडे फिरवते आणि आभाळाच्या खरखरीतून त्याचा क्षीण आवाज निवडून काढते. ताउनोने ती जगाला देऊन टाकली. घ्या, वापरा, सुधारा, मात्र जे सुधाराल तेही सगळ्यांपुढे उघडं ठेवा, एवढीच अट. फुकट ते पौष्टिक, जगाने घेतली. आभार मानणारे थोडे, तक्रार करणारे ढीगभर. ‘तुमची कुओवी चालत नाही, ताबडतोब दुरुस्त करा’ असं कुठलासा अनोळखी माणूस लिहायचा आणि हा साधू जेवण थंड करून त्याला उत्तर लिहीत बसायचा. हेल्मीला त्या अनोळखी लोकांचा मनस्वी राग यायचा.

आणि हिप्पू. दुधाच्या खोक्याएवढा उपग्रह, ताउनोने आठ विद्यार्थ्यांना हाताशी धरून बनवलेला. बारा वर्षांपूर्वी तो वर गेला, नऊ दिवस शीळ घालून बोलला आणि गप्प झाला. विद्यार्थी हळहळले, मग नोकऱ्यांना लागले. ताउनो मात्र रोज दुपारी कान लावून बसायचा. मेलेल्याची नाडी किती दिवस बघायची, असं हेल्मी एकदा बोलून गेली होती. तो हसून म्हणाला होता, ‘मेलाय असं त्याने तरी कुठे कळवलंय?’

आज मात्र खिडकीशी जायला अजून तास होता, आणि टेबलापाशी पाहुणा बसला होता. लुमेन्तो कंपनीचा निलो. तिशीतला, बारीक अंगाचा, दारात बूट काढल्यावर एका मोज्याला भोक दिसलं म्हणून तो पाय दुसऱ्यामागे लपवणारा. हेलसिंकीहून रात्रीच्या गाडीने आणि पुढे बसने आला होता. त्याने तीनदा ‘तुम्ही’ म्हटल्यावर हेल्मीने त्याच्यासमोर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव ठेवला आणि ती म्हणाली, “तुम्ही-तुम्ही कुणाला चाललंय? गाव अख्खं मला तू म्हणतं. चाळीस वर्षं टपाल वाटलंय मी यांना.”

निलोचं काम सोपं होतं आणि तिथेच घोडं अडलं होतं. लुमेन्तोला कुओवी हवी होती, पण कुलूप लावून. आमच्या सुधारणा आमच्याच राहतील, असं त्यांचं म्हणणं. या लोकांत रीत अशी की कुओवीत ज्याने एक ओळ जरी घातली त्याचं नाव यादीत जातं, आणि अट बदलायची तर यादीतल्या प्रत्येकाची सही लागते. यादीत एकेचाळीस नावं होती. एकोणचाळीस जणांच्या सह्या कंपनीने दोन वर्षांत गोळा केल्या होत्या. उरलं पहिलं नाव, ताउनोचं, ज्याचा हक्क आता हेल्मीकडे आला होता. आणि दुसरं नाव खुद्द हेल्मीचं.

हेल्मीला प्रोग्रॅमातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्या वर्षी कुओवी टेकडीच्या पोटातसुद्धा उपग्रह शोधत बसायची. तेव्हा हेल्मी स्कीवरून टपाल टाकता टाकता तळ्याभोवतीच्या प्रत्येक टेकडीची उंची मोजून आली होती. ते छत्तीस आकडे ताउनोने कुओवीत घातले आणि शेजारी बायकोचं नाव लिहिलं. ‘अगं, नियम म्हणजे नियम,’ एवढंच म्हणाला होता.

निलो गोड बोलून फसवणाऱ्यांतला नव्हता, हीच पंचाईत होती. कॉलेजात असताना तो कुओवीवरच शिकला होता. ताउनोने त्याच्या एका बावळट प्रश्नाला दोन पानी उत्तर लिहिलं होतं आणि ते त्याने अजून जपून ठेवलं होतं.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “ओपन सोर्स, ओपन सोर्स म्हणून टाळ्या सगळे वाजवतात, झाडू मारायला कुणी येत नाही. ताउनो होता तोवर ठीक होतं. दोन वर्षांत एक दुरुस्ती आत गेलेली नाही. असंच राहिलं तर ती गंजून जाईल. आमची वीस माणसं बसतील तिच्यावर.”

“दार लावून बसतील.”

“दार लावतील. पण घर उभं राहील.”

“आयत्या पिठावर रेघोट्या, आणि वर पिठालाच कुलूप,” हेल्मी म्हणाली. पण तिचा आवाज तितका चढला नाही. वीस माणसं असती तर ताउनोचं जेवण रोज गरम राहिलं असतं, हा विचार तिच्या मनात आला आणि तो जाईना.

मग निलोने वरच्या आभाळाचं सांगितलं. लुमेन्तो सहाशे उपग्रह सोडणार होती. रेनडियर राखणारा माणूस जंगलात बर्फगाडीसकट उलटला तर तिथूनच हाक मारू शकेल. हेल्मीने अशी दोन माणसं वसंतात बर्फ वितळल्यावर सापडलेली पाहिली होती, त्यामुळे तिने मान डोलावली. सहाशे म्हणजे आभाळात मुंग्यांची रांग होईल, एवढं मात्र तिला वाटलं. ताउनो आणि ती पूर्वी अंगणात उभं राहून उपग्रह मोजायचे. सात दिसले की आत यायचे.

“आणि हिप्पू?” तिने विचारलं.

निलोने पावाचा तुकडा बशीत ठेवला. कंपनीच्या यादीत बंद पडलेले उपग्रह नसतात, तो म्हणाला. हिप्पूची वाट रोज थोडी सरकते, ती कुओवीच्या इंटरनेटवरच्या पानावरून इथल्या कॉम्प्युटरला कळते, आणि ते पान आता कंपनीचं होईल. म्हणजे अँटेना थांबेल, हे त्याने उच्चारलं नाही. हेल्मीने ते ऐकलं.

तिला चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. ताउनोच्या टपालात कोण काय लिहितं ते तिला वाचता येत नव्हतं, सगळं इंग्रजीत. जे आपल्याला सांभाळता येत नाही ते नुसतं अडवून धरायचं, याला काय अर्थ? एका अँटेनेच्या मान वळवण्यापायी? तिने पेन हातात घेतलं, आणि तिला अगदी एकटं वाटलं.

पण टपालवाली ती टपालवालीच. “सही करते,” ती म्हणाली, “पण त्याआधी एक कर. आलेलं टपाल उत्तराविना पडलंय, ते वाचून दाखव. पत्र पडून राहिलेलं मला सोसत नाही.”

ताउनोने परवलीचा शब्द खणात कागदावर लिहून ठेवला होता. निलोने कॉम्प्युटर उघडला. बहुतेक तक्रारीच होत्या. सगळ्यात वरचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं, चिलीच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरून आलेलं. रोसाउरा नावाच्या शिक्षिकेने लिहिलं होतं. निलो वाचत गेला आणि हळूहळू त्याचा पाय मागचा पुढे आला. मोज्याचं भोक तो विसरला.

तिच्या वर्गात एकोणीस मुलं होती. शाळेच्या छपरावर कपडे वाळत घालायच्या तारेची अँटेना करून ती हवामानाच्या उपग्रहांची चित्रं पकडत. एके दुपारी, जिथे काहीच असायला नको तिथे, मुलांना एक बारीक शीळ ऐकू आली. अकरा दिवस त्यांनी वेळा टिपल्या, वाटा जुळवल्या. शीळ हिप्पूची होती. बॅटरी मेली असावी, बाईंनी लिहिलं होतं, पण ऊन अंगावर पडलं की तो जागा होतो आणि सावलीत गेला की झोपतो. कुओवीला तो ऐकू येत नाही, कारण कुओवी त्याला जुन्याच पट्टीत शोधते. त्याचा आवाज आता पुष्कळ उतरलाय. मुलांनी सहा ओळी लिहिल्यात, बघाल का?

निलोने कुओवीतली ती जागा काढली. तिथे ताउनोने बारा वर्षांपूर्वी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: ‘याच्या खाली शोधू नये. खाली नुसती खरखर असते.’

“मान बरोबर त्याच्याकडे वळत होती,” निलो म्हणाला. “ऐकत मात्र होती तो तरुण असतानाचा आवाज.”

हेल्मी खुर्चीत बसली. शेवटच्या महिन्यात ताउनोचा आवाज असाच उतरला होता. ती नेहमीच्या आवाजाची वाट बघत राहायची, ‘जरा मोठ्याने बोल ना रे’ म्हणायची, आणि तो जे पुटपुटला ते निघून जायचं. काय काय बोलला असेल. तिला फार वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही. हातरुमाल काढून डोळे पुसले.

“घे आत त्या सहा ओळी,” मग ती म्हणाली.

तसं घेता येत नव्हतं. दोन माणसांनी वाचल्याशिवाय एक ओळ आत घ्यायची नाही, हा ताउनोचाच नियम, त्याच्या स्वतःच्या ओळींनाही लागू. निलोने विचारलं, या आडगावात त्याचं दुसरं माणूस कोण होतं?

“मीच की. मला कळायचं काहीच नाही. तो मला समजावून सांगायचा, आणि सांगता सांगता त्याची चूक त्यालाच सापडायची. मी विणत बसायचे. सांग तू.”

तिने खरंच विणकाम काढलं. निलो घड्याळाकडे बघत घसा खाकरून सांगायला लागला. पहिली ओळ, दुसरी ओळ. आवाज किती खाली शोधायचा, छपरावरच्या यंत्राला थंडी लागेल तसं किती सरकायचं. हेल्मी मधूनच विचारी, ‘थंडी वाढली तर वर का खाली?’ पाचव्या ओळीशी तो अडखळला, त्याने डोकं खाजवलं. मुलांनी तिथल्या उन्हाळ्याचा हिशेब धरला होता. इथल्या थंडीत कुओवी उलट्या बाजूला शोधत बसली असती. त्याने स्वतःची एक ओळ खाली घातली. सात झाल्या. त्याचे कान लाल झाले होते, आणि कंपनीचा माणूस आता त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नव्हता.

“आता नावं,” हेल्मी म्हणाली.

“नावं?”

“नियम म्हणजे नियम.”

निलोने तिच्याकडे बघितलं. मग एकोणीस नावं लिहिली, पत्रात होती तशीच, आणि विसावं रोसाउराचं. हात थांबला. हेल्मी सुईवरचे टाके मोजत राहिली. त्याने एकविसावं नाव स्वतःचं लिहिलं आणि बटण दाबलं.

बारा वाजून गेले होते. बाहेर निळं झालं होतं. अँटेनेने मान वळवली, आणि दोघं खिडकीशी गेले. कॉम्प्युटरमधून खरखर येत होती, वाफस्नानाच्या भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी मारावं तशी. एक मिनिट गेलं, तीन गेली. हेल्मीने खिडकीची चौकट धरून ठेवली होती. आणि मग त्या खरखरीच्या तळाशी, फार खाली, एक शीळ आली. थरथरती, मध्ये तुटणारी, पुन्हा येणारी. बारा वर्षांपूर्वीचे ते नऊ दिवस हेल्मीने ऐकले होते. तिने चाल ओळखली.

“सहीचा कागद,” ती शीळ चालू असतानाच म्हणाली. “आण. करते म्हणाले होते.”

निलोने कागद घडी करून पिशवीत ठेवला. “तुझ्या एकटीच्या सहीने आता भागत नाही. एकोणीस पोरांना विचारावं लागेल, त्यांच्या बाईंना विचारावं लागेल.” तो थांबला. “या सात ओळींआधीची जुनी कुओवी नेता येईल आम्हाला. पण ती बहिरी आहे.”

“आणि एकविसाव्याला विचारलं तर? तो काय म्हणेल?”

कॉफी उरलीय का, एवढंच निलोने विचारलं. ती चुलीवर होती, त्याने आपली आपण ओतून घेतली आणि वर्गाला कळवायला बसला. ‘ऐकू आला’ एवढंच त्याने लिहिलं.

अँटेना उत्तरेला पोचली. हिप्पू टेकडीआड गेला तो हेल्मीने स्कीवर उभं राहून मोजलेल्या जागीच, आणि शीळ थांबली. हेल्मीने खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

“ऐकलं हं,” ती म्हणाली, अगदी खालच्या आवाजात. “आता ऐकलं.”