वरवंट्याचा हार

मंजुषाच्या हारांना एकच खोड होती. ते माणसाच्या गळ्यात बसत नसत.

मखमलाबादला विहिरीला सुरुंग लावला की निघणारे पांढरे-गुलाबी खडे, फुटक्या सोडाबाटल्यांची हिरवी काच आणि तांबटाकडून आणलेली पितळी तार, एवढ्यावर तिचा कारभार. काचेच्या कडा घासून घासून ती गुळगुळीत करी. पण माप घ्यायला गळा कुठून आणायचा? सासूकडे मागायची छाती नव्हती. मिक्सर आल्यापासून वरवंटा कोपऱ्यात बिनकामाचा पडला होता. तिने तो उभा केला आणि त्याच्याच अंगावर हार वळायला घेतले.

सासू नवसाबाई फुलं विकून आली की म्हणे, "मंजे, ते भंगारात घाल. बाटली गळ्यात घालून फिरंल व्हय कुनी?"

हे मंजुषाला फार लागे. एका तरी जित्याजागत्या बाईने आपला हार घालावा, एवढंच तिला हवं होतं. ती बाई सासू असावी, हे मात्र तिने मनातल्या मनातही हळूच म्हटलं होतं.

अशात शेजारच्या सुलाबाईच्या नातवाचं बारसं निघालं. वरवंट्याला झबलं-टोपडं घालून, गोप्या म्हणून पाळण्याखालून द्यायची रीत. सुलाबाईचा वरवंटा फुटलेला, म्हणून नवसाबाईने आपला दिला, हारासकट. नटलेला गोप्या पाळण्याखालून बाहेर आला आणि बाया बाळाला विसरल्या. नाव काय ठेवलं, हे बाळाच्या आत्यालाही दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बारशाला आलेली कुसाबाई रिक्षातून उतरली, मांडीवरचा वरवंटा पदरात घेऊन.

"माप घे गं. मान जरा जाड हाय ह्याची."

"तुमच्यासाठीच करते ना, मावशी," मंजुषा कळवळून म्हणाली.

"मला काय शोभतंय? ह्याला कसा शोभंल बघ!"

मग रांगच लागली. पुतळाबाई तर तक्रार घेऊन आली, हार घट्ट होतोय, वरवंटा घुसमटल्यागत दिसतोय. मंजुषाने कडी सैल केली आणि वरवंट्याला विचारलं, "आता बरं वाटतंय?" आपण काय बोललो हे कळल्यावर ती खूप हसली, आणि मग तिला रडूच आलं.

ते लोडशेडिंगचं साल. एका दुपारी मिरच्या-लसूण मिक्सरमध्ये पडले आणि वीज गेली. मंजुषा पाणी भरायला गेलेली. नवसाबाईने पाटा मांडला, तर वरवंटा हार घालून बसलेला. देवाचे दागिने उतरवावेत तसा तिने तो जपून काढला. खाली ठेवावा तर जमीन ओली, फळीवर ठेवावा तर मांजर. तिने तो आपल्याच गळ्यात अडकवला आणि चटणी वाटली. अख्ख्या आळीत वरवंट्याएवढी बारीक मान तिचीच होती.

संध्याकाळी ती फुलांची पाटी रिकामी करून बाजारातून परतली. मंजुषा दारातच थबकली.

"आत्याबाई... हार."

नवसाबाईचा हात गळ्याकडे गेला. खड्यावरून, काचेवरून बोट फिरलं आणि तिथंच थांबलं.

"आता गं बया! बाजारभर असाच राह्यला की." ती आत गेली, पाटी भिंतीला लावली. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "त्याला दुसरा कर."