मासोळीचा आवाज परत आला

गंगव्वाचा आवाज उतरायला लागला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तो सर्दीवर ढकलला. गडहिंग्लजजवळच्या त्यांच्या गावात दर सोमवारी मठात बायकांची भजनं असत, आणि वरची पट्टी गंगव्वाचीच. तो आवाज आधी जाड झाला, मग घोगरा, मग पार पुरुषी. फोनवर अनोळखी माणसं तिला काका म्हणू लागली.

तिची लेक विद्याश्री कोल्हापुरात एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. विषय विजेच्या माशांचा. परदेशी नद्यांतले हे काचेसारखे मासे शेपटीकडून अगदी क्षीण वीज सोडतात आणि तिच्या कंपनांवरून अंधाऱ्या पाण्यात एकमेकांना ओळखतात. पाण्यात तारा सोडून स्पीकरला जोडल्या की ती वीज ऐकूही येते. मादी बारीक गुणगुणते, नर खालच्या सुरात घुमतो. मादीला पुरुषी हॉर्मोन दिलं तर काही आठवड्यांत तिचाही सूर खाली येतो. विद्याश्री रोज हेच मोजत होती, आणि रविवारी फोनवर आईला गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगत होती.

दिवाळीला ती घरी गेली. गंगव्वा पदर तोंडावरून काढेना. शेवटी चुलीपुढं तो घसरला आणि हनुवटीवरचे राठ केस विद्याश्रीला दिसले. सण तसाच टाकून तिनं आईला राजारामपुरीतल्या दवाखान्यात आणलं. अंडाशयात गाठ निघाली. तीच अंगात पुरुषी हॉर्मोन सोडत होती. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आणि विद्याश्रीचे वडील शिवमूर्तीअप्पा दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखे रडले.

गंगव्वाला मात्र एकच विचारायचं होतं. आवाज येईल नव्हं? डॉक्टर म्हणाले, बघू, थोडे दिवस जाऊ द्या.

ऑपरेशनची जखम पुरती भरेपर्यंत ती लेकीच्या खोलीवर राहिली. मन रमावं म्हणून विद्याश्री तिला प्रयोगशाळेत नेऊ लागली. तिथं एका मादीच्या कातडीखालची हॉर्मोनची गोळी नुकतीच काढली होती. स्पीकरवर ती नरासारखी घुमत होती. गंगव्वा स्टुलावर बसून ऐकत राहायची. दिवस गेले तसा तो सूर कणाकणानं वर सरकू लागला. सूर ओळखायला गंगव्वाला कुठलं यंत्र लागत नव्हतं. रोज लेकीच्या आधी तीच सांगायची, आज जरा चढलाय. एके दिवशी मासोळी पहिल्यासारखी बारीक गुणगुणू लागली आणि गंगव्वाचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला.

बाईचा गळा आणि माशाची शेपटी एक नव्हे, हे विद्याश्रीला पक्कं ठाऊक होतं. पण तो चेहरा बघून तिची जीभ रेटेना.

गावी परतल्यावर गंगव्वा पहाटे गोठ्यात बसून सूर लावू लागली. हनुवटीवरचे केस विरळ झाले, अंगावर तजेला आला. आवाज जागचा हलला नाही. उन्हाळ्यात विद्याश्रीनं तिला कोल्हापुरातच घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि सरळ सांगितलं की स्वरतंतू जाड झालेत, ते आता पातळ व्हायचे नाहीत. शस्त्रक्रियेनं बोलण्यापुरता आवाज थोडा चढेल, पण गाण्याची आशा धरू नका.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. गंगव्वा म्हणाली, "मासोळीचा आला की."

"अव्वा, मासोळीला गळा नसतोय. तिच्या शेपटीत विजेच्या पेशी असत्यात. हॉर्मोन गेलं की त्या पुन्हा पहिल्यासारख्या चालत्यात. माणसाचा गळा एकदा जाड झाला की झाला."

"तुला हे तवाच ठावं हुतं?"

"व्हय."

"मग मला रोज कशापायी नेलीस?"

गंगव्वानं चपला पायात सरकवल्या आणि रिक्षाच्या दिशेनं चालू लागली.

पुढं दोन-तीन सोमवार ती मठात गेली. मागं खांबाला टेकून बसायची. वरची पट्टी कुणालाच पेलेना, म्हणून बायकांनी भजनं खालच्या पट्टीत घेतली. आता तू ये की पुढं, असं एकीनं सहज सुचवलं. गंगव्वा उठून घरी आली. त्यानंतर मठात गेली नाही. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. हवं-नको हातानं दाखवू लागली.

विद्याश्रीचा शोधनिबंध छापून आला, चांगला नावाजलाही गेला. रविवारी फोन अप्पा उचलतात. पाऊसपाणी, म्हशीचं दूध, गावातली लग्नं सांगून होतात. मग ती विचारते, अव्वा काय करत्या? समोरच बसल्या, अप्पा म्हणतात. आणि फोन गंगव्वाच्या कानाला लावतात.

विद्याश्री बोलत राहते. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो.