मोहाखालची राख

वणवा विझून तिसऱ्या दिवशी भिला आणि फुलवंता सातपुड्यातल्या आपल्या खोपीकडे निघाले. मोहाची फुलं पडू लागली की दर चैत्रात सगळं घर तिथं मुक्कामाला जाई. यंदाही गेलं होतं. नवरा-बायको मीठ आणायला शहाद्याच्या बाजारात उतरले; भिलाची म्हातारी आई डोळ्यांनी अधू, ती मागे राहिली. परतताना बघतात तर अख्खा डोंगर पेटलेला; आग विझेपर्यंत त्यांना पायथ्याशीच थांबावं लागलं.

जमीन अजून तळव्यांना चटके देत होती. खोपीच्या जागी चार काळे खुंट उरले होते. सासू तिथं नव्हती. ती फुलवंताला ओढ्याच्या वाटेवर सापडली, पाण्यापासून वीसेक पावलांवर, पालथी. फुलवंताने डोक्यावरचं फडकं सोडून तिच्यावर घातलं. भिला जवळ आलाच नाही. तो लांब, त्यांच्या मोहाखाली उभा होता.

फुलवंता तिकडे गेली. बुंध्याभोवती गोळा केलेल्या पाल्याची राख होती आणि तिथूनच काळा पट्टा वर चढत गेला होता.

"बाजाराला निघताना तू पाला पेटवलास?"

"खाली पडलेली फुलं दिसावीत म्हणून. दरसाल पेटवतो." भिलाची मान वर होईना. "विझवून निघालो होतो."

"खरंच विझवलंस?"

तो खड्ड्यासाठी जागा बघायला वळला.

दोघांनी खड्डा खणून म्हातारीला पुरलं. माती लोटत असतानाच जंगलखात्याचा नाकेदार आला. सपाटीवरचा माणूस, बगलेत वही.

"आग कोनी लावी?"

भिलाने बाजारात शिकलेल्या बोलीत सांगितलं, "मन्ही मायनी लावी, साहेब. तिले दिसे नही."

नाकेदाराने ताज्या मातीकडे पाहिलं, टोपी काढली, म्हातारीचं नाव लिहून घेतलं आणि गेला. फुलवंताच्या ओठापर्यंत शब्द आले होते. मग नवऱ्याच्या हातातल्या बेड्या डोळ्यांपुढे आल्या आणि तिने ते गिळले.

नाकेदार दिसेनासा झाला तसा भिला खुंट उपटू लागला. "इथंच पुन्हा उभी करू. धर जरा."

तिने हात लावला नाही.

"तिचं नाव का घेतलंस?"

"मेलेल्याला कोण तुरुंगात घालणार?"

"ती पाण्याकडे धावत होती, भिला. आंधळी. वाट चुकली नव्हती ती."

भिला मटकन राखेत बसला आणि मोठ्यानं रडू लागला. फुलवंताला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. पण नाकेदारासमोर आपणही गप्पच राहिलो, हे तिला पुरतं ठाऊक होतं; आता इथं राहिलं तर ते खोटं कायमचं दोघांचं झालं असतं. तिने मिठाची पुरचुंडी त्याच्यापाशी ठेवली आणि माहेरच्या वाटेला लागली. भिलाने दोनदा हाक मारली. ती थांबली नाही.