कडेला धरलेलं नाणं

आमच्या ह्यांना प्रूफ नाण्यांचा नाद. प्रूफ म्हणजे टाकसाळीने बाजारासाठी नव्हे, तर नमुना म्हणून खास ठशावर काढलेलं नाणं. त्याने कुणी कधी साधी सुईसुद्धा विकत घेतलेली नसते. ह्यांच्याकडे १९१० सालचं सोन्याचं एक आहे. धुरकट, चकाकी नावाला नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, फसवलं तुम्हाला. मग कळलं की त्या मुद्दाम दिलेल्या धुरकटपणाचीच सगळी किंमत. बोट लागलं की डागाळलं, घासलं की संपलं.

त्या नाण्यापायी माझा भाऊ तुटला.

दादा धंद्याने सुतार. ह्या नाण्यासाठी त्याने हौसेने अक्रोडाच्या लाकडाची डबी केली. आत मखमल, आणि झाकण असं की मिटल्यावर फट शोधून सापडू नये. डबी द्यायला आला तेव्हा ह्यांनी मोठ्या कौतुकाने नाणं त्याच्या हातात दिलं. सहा महिन्यांनी त्यावर अंगठ्याचा तांबूस ठसा उमटला. ह्यांनी माझ्या आईसमोर दादाला जाब विचारला. तो म्हणाला, "मी कडेला धरलं होतं. नुकतं पॉलिश केलेलं लाकूडही आम्ही कडेलाच धरतो." ह्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मीच त्याला बाजूला घेऊन म्हटलं, माफी मागून टाक, विषय संपेल. तो छत्री उचलून निघून गेला. त्याला अकरा वर्षं झाली.

परवा ते नाणं घेऊन हे एका पारख्याकडे गेले, अस्सलपणाचा दाखला करून घ्यायला. खिशात सोनं असलं की हे रस्ता बघत नाहीत, म्हणून मी सोबत. पारख्याने हातमोजे चढवून नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि समोरच्या पडद्यावर तो ठसा ताटाएवढा झाला. घामाचा डाग लगेच दिसत नाही, वर यायला महिने जातात, असं त्याने समजावलं. मग सहज म्हणाला, "ज्याचा कुणाचा असेल, त्याच्या अंगठ्यावर जुना व्रण आहे."

"असणारच. सुतार आहे तो," हे म्हणाले.

पडद्यावर बारीक रेषांना छेदत एक तिरकी रेघ गेली होती, टोकाशी दोन फाटे. ती रेघ माझ्या ओळखीची होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला खूश करायला हे काकडी चिरायला बसले आणि अंगठाच चिरून घेतला. पट्टी मीच बांधली, आणि पुढे वर्षभर चिडवलंही मीच.

"अंगठा ठेवा इथे." मी काउंटरची काच दाखवली.

"काहीतरीच काय."

"ठेवा."

त्यांनी ठेवला, उचलला. काचेवर ओलसर ठसा, मधून तिरकी रेघ, टोकाशी दोन फाटे. पारख्याने एकदा काचेकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून कागद चाळायला लागला. नाणं आणलं त्या दिवशी पाकिटातून काढताना लागला असेल बहुतेक, एवढंच हे पुटपुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शंभरदा वापरली असेन. त्या फाशीचा दोर ओढायला आपलाही हात होता, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

बाहेर येऊन ह्यांनी फुटपाथवरूनच दादाला फोन लावला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याने उचलला मात्र, ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला आणि "दादा" एवढंच म्हटलं. माफी मागून टाक, असं दुसऱ्याला सांगणं किती सोपं होतं.

पलीकडून तोच म्हणाला, "डबीचं झाकण अडतंय का? लाकूड फुगलं असेल. घेऊन या, मी तासून देतो."