खलित्यातला सशस्त्र इसम

सकाळी साडेनऊच्या सुमारास सीमेपलीकडून पाच-सात मिनिटं गोळीबार झाला आणि कोक-अरिक गावचा पाटकरी सापारअली मारला गेला. दहाव्या दिवशी आमच्या परराष्ट्र खात्याला जाग आली आणि निषेधाच्या खलित्याचा मसुदा करायला त्यांनी मला गावात धाडलं. मी मुळात चौकस. खात्यात याला खोड म्हणतात, म्हणूनच बारा वर्षं मसुद्यांवर आहे.

चौकीच्या अहवालात तीनच ओळी होत्या. पलीकडून गोळीबार. आपल्या भूमीवर एक मृत. आणि तिसरी: ‘नऊ पन्नासला लांब दांड्याचं शस्त्र घेतलेला एक इसम सीमा ओलांडून आत आला, दहा वाजून दहा मिनिटांनी परत गेला.’ राजधानीतले साहेब या तिसऱ्या ओळीवर भलतेच खूश होते.

“गोळ्या काय, रोजच सुटतात,” ते फोनवर म्हणाले. “हत्यारबंद माणूस आत आला म्हटल्यावर खलित्याला वजन येतं. त्याचं नाव काढ आणि विधवेची सही घे, घुसखोर डोळ्यांनी पाहिला म्हणून.”

मला मात्र ती वीस मिनिटं छळत होती. या गड्यानं गोळी झाडली नाही, काही चोरलं नाही, जाळलं नाही. मग एवढा वेळ केलं काय?

सापारअलीची बायको बुरुल आपा अंगणात जर्दाळू वाळत घालत होती. चेहरा कोरडा, हात भराभर चाललेले.

“बस, लेका. आधी चहा घे, मग काय ते विचार.”

“आपा, गोळीबार थांबल्यावर तिकडून एक माणूस आला. शस्त्र घेऊन. कोण तो?”

“शस्त्र?” ती चक्क हसली. शेजारीण भिंतीवरून वाकून बघायला लागली. “अरे, खोरं होतं ते! पाट वळवायला काय चमचा घेऊन येणार? होजीकुल तो, पलीकडच्या गावचा पाटकरी. चौकीवरची पोरं वरच्या कुरणांतली. मेंढ्यांपलीकडे काही पाहिलंय का त्यांनी? खोरं कशाशी खातात त्यांना काय ठाऊक!”

“आणि सापारअली कुठं पडले होते?”

“त्यांच्या झडपेपाशी. तिकडच्या काठावर.”

माझी पेन्सिल थांबली. म्हणजे अहवालातली दुसरी ओळही गेली.

“तिकडे कशाला गेले होते?”

“हे बघा, खात्याचा माणूस!” ती शेजारणीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ज्या गावाची पाण्याची पाळी, त्याची झडप समोरच्या गावच्या माणसानं उघडायची. आपलाच माणूस ठेवला तर तो घटकाभर जास्तच पाणी सोडणार ना? मग डोकी फुटणार. त्या दिवशी दहापर्यंत पाळी त्यांची, म्हणून माझा म्हातारा तिकडे. दहानंतर आमची, म्हणून होजीकुल इकडे येणारच होता. दहा मिनिटं आधी आला, कारण पाठीवर याला घेऊन आला.”

मी वही मिटली.

“इथं ठेवलं,” तिनं तुतीच्या झाडाखाली बोट दाखवलं. “स्वतःचा रुमाल तोंडावर टाकला. मी ओरडत होते, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग बागेत पाणी आलं. म्हटलं, अशा वेळी झडप उघडली कुणी? पाळी चुकवली नाही रे होजीकुलनं.”

तर ती वीस मिनिटं अशी; चौकीला पाठीवरचा माणूस दिसला नाही, खोरं तेवढं दिसलं. मला खात्याची, अहवालाची आणि खिशातल्या कागदाची लाज वाटली. तरी नोकरी ती नोकरी; कागद पुढे केला.

तिनं तो सावकाश वाचला. “यात होजीकुलचं नाव जाणार?”

“घुसखोर म्हणून.”

“आणि पुढच्या पाळीला तो आला की चौकीवरची पोरं काय करतील?”

काय करतील ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिनं कागद माझ्याकडे सरकवला. “हे खोडून आण. मग सही.”

साहेब फोनवर कडाडले, “तुला मसुदा करायला पाठवलं, की सोयरीक जुळवायला? उद्या सही नसेल तर बघ!”

दुसऱ्या दिवशी सीमेवरच्या पुलावर दोन्हीकडचे मसुदे साक्षींसकट ताडून पाहायचे होते. तिकडून दिलोवर नावाचा माझ्यासारखाच एक कारकून आला होता, टायमध्ये घामाघूम झालेला. त्यानं वाचायला घेतलं. आमच्या बाजूनंही गोळ्या सुटल्या होत्या म्हणे. पुढे: ‘लांब दांड्याचं लोखंडी शस्त्र घेतलेला एक इसम सीमा ओलांडून आमच्या झडपेवर चाल करून आला...’

सापारअली! मला हसावं की रडावं कळेना.

“साक्षीदार कोण?” मी विचारलं.

“आमचा पाटकरी, होजीकुल.”

“सही दाखवा.”

दिलोवरनं पान उलटलं, पुन्हा उलटलं. मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “देत नाही. तीनदा बोलावलं. साहेब टेबलावर हात आपटून दमले. म्हणतो, तो माणूस आम्हाला पाणी देत होता. दुसरं काही लिहायचं असेल तर माझा अंगठा तोडून न्या. तुमची सही?”

“आमचीही देत नाही.”

मग त्यानं पेन काढलं आणि ती ओळ खोडली. मीही खोडली. उरलं एवढंच की पलीकडून गोळ्या आल्या आणि माणूस मेला. साहेबांनी संध्याकाळी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली.

परतताना मी कोक-अरिकला थांबलो. आपा जर्दाळूंचं ताट घेऊन उभी होती.

“खोडलं?”

“खोडलं. त्यांच्या कागदात सापारअलींना घुसखोर ठरवलं होतं, चाल करून आले म्हणून. होजीकुलकडे सही मागत होते.”

“आणि तो?”

“नाही म्हणाला.”

“त्यांच्याच साहेबांसमोर?”

“हो, आपा. तीन वेळा.”

तिनं ताट खाली ठेवलं. मग तिथंच जमिनीवर बसली आणि नवऱ्याचं नाव घेऊन मोठमोठ्यानं रडायला लागली. शेजारीण भिंतीवरून उडी मारूनच आली आणि माझ्यावर खेकसली, “दहा दिवसांत टिपूस काढलं नव्हतं हिनं! काय सांगितलंस रे तिला?”